पी-०६३४ आणि त्याचे चार भाऊबंद

अमेरिकेतल्या मोटार-अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने ‘जे-२०१२’ नावाचे एक मानक तयार केले आहे. गाडीतल्या संगणकाने कोणता बिघाड कोणत्या आकड्याने सांगायचा, याची ती यादी. १९९६ पासून अमेरिकेत विकायच्या मोटारींना ही भाषा सक्तीची झाली, आणि आज नाशिकच्या किंवा मडगावच्या गॅरेजात स्कॅनर लावला तरी पडद्यावर हेच आकडे उमटतात. यादी लांबलचक आहे. विशेषणे नाहीत, क्रियापदे नाहीत, एकाखाली एक नुसते बिघाड. ती बहुतेकांना रूक्ष वाटते. मला ती पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते, आणि त्यातही एका ओळीपाशी मी नेहमी थांबतो : पी-०६३४. अर्थ इतकाच की कंट्रोल मॉड्यूलचे आतले तापमान फार वाढले आहे.

कंट्रोल मॉड्यूल म्हणजे गाडीचा संगणक. गॅरेजातले लोक त्याला ईसीएम म्हणतात. यादीतल्या बहुतेक ओळींत हा संगणक दुसऱ्यांबद्दल बोलत असतो : अमुक इंजेक्टर चालत नाही, तमुक सेन्सरची वायर तुटली, तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर होतो आहे. पी-०६३४ मध्ये तो स्वतःबद्दल बोलतो. सांगणारा आणि तापलेला एकच. ज्या मेंदूने निर्णय घ्यायचा त्यालाच ताप भरला आहे, आणि तरी त्यानेच तो ओळखून, आपली शुद्ध ठिकाणावर असतानाच, नोंदवून ठेवायचा आहे. एवढ्या लहान ओळीत इतका नाट्यमय प्रसंग मला दुसरीकडे आढळलेला नाही.

ओळीचा घाटही पाहण्यासारखा आहे. ‘पी’ म्हणजे पॉवरट्रेन, इंजिन आणि गिअरबॉक्सचा संसार. पुढचे शून्य सांगते की हा अर्थ सगळ्या कंपन्यांना सामाईक आहे. तिथे एक असता तर तो त्या कंपनीपुरता राहिला असता. मग येतो सहा. हे संगणकाचे आणि त्याच्याकडून निघणाऱ्या आज्ञांचे घर. उरलेले दोन आकडे त्या घरातली नेमकी खोली दाखवतात. पाच अक्षरांत गाव, गल्ली, घर, खोली.

आता याच घरात थोडे पुढे गेले की चार ओळी सलग भेटतात. पी-०६६६ : आतल्या तापमान-सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड. पी-०६६७ : हा सेन्सर जे सांगतो ते पटण्याजोगे नाही. पी-०६६८ : त्याचा सिग्नल फार खाली. पी-०६६९ : त्याचा सिग्नल फार वर. म्हणजे ‘मी तापलो आहे’ हे सांगायला एक ओळ, आणि ‘माझा तापमापक भरवशाचा नाही’ हे सांगायला चार. ज्यांनी ही यादी रचली त्यांनी हे प्रमाण मुद्दाम साधले असेल असे नाही, पण या विद्येचे सारे मर्म त्या प्रमाणात आले आहे. उष्णता मोजणे सोपे. मोजणारा खरे बोलतो आहे का, हे ठरवायला बुद्धी लागते, आणि गाडीच्या संगणकाची खरी कारागिरी तिथेच दिसते.

आधी तापाचे पाहू. ईसीएमच्या ॲल्युमिनियमच्या पेटीत गणित करणाऱ्या चिपबरोबर जोरकस प्रवाह सोडणारे ट्रान्झिस्टरही असतात. इंजेक्टर आणि इग्निशन कॉइल त्यांच्या इशाऱ्यावर चालतात. त्यांची स्वतःची उष्णता, त्यात बॉनेटखालच्या इंजिनाची. गाडी चालू असताना निदान वारा असतो. घाट चढून आल्यावर इंजिन बंद केले की कूलंटचे फिरणे थांबते, वारा थांबतो, आणि तापलेल्या लोखंडातली उष्णता सावकाश आजूबाजूला पसरते. किल्ली काढल्यावरही कित्येक गाड्यांचा रेडिएटर फॅन काही वेळ फिरत राहतो तो यासाठीच. अवजड वाहनांच्या जगात तर याहून धीट उपाय झाले. कमिन्सच्या एन-१४ या ट्रक-इंजिनावर संगणकाच्या पाठीशी एक पोकळ प्लेट बसवून तिच्यातून डिझेल खेळवले जाई; जळायला निघालेले इंधन जाता जाता मेंदू गार करून जाई.

मोटारींसाठीच्या चिप्सची उष्णता सोसण्याची ताकद एईसी-क्यू-१०० या मानकात प्रतींनुसार ठरवलेली आहे. शून्य प्रत भोवतालच्या १५० अंश सेल्सिअसपर्यंत, पहिली १२५ पर्यंत, दुसरी १०५, तिसरी ८५. खालची हद्द सगळ्यांना उणे ४०. एवढी उष्णता एकदा सोसणे वेगळे आणि रोज तापून रोज निवणे वेगळे. प्रत्येक तापण्या-निवण्यात सोल्डरचे सांधे किंचित ताणले जातात, आणि वर्षांनंतर एखाद्यात केसाएवढी भेग पडते. मग गाडी गार असताना चालते, तापली की बंद पडते, परत गार झाली की चालते. मिस्त्रीला वेड लावणारा हा बिघाड.

चिपच्या आतला तापमापक कसा असतो हे कळले तेव्हा मला फार आनंद झाला होता. सिलिकॉनचा डायोड गरम झाला की त्याच्यावर पडणारे व्होल्टेज अंशामागे साधारण दोन मिलिव्होल्टने घटते. हा त्या पदार्थाचा स्वभावदोषच. सर्किट रचणाऱ्यांना त्याची भरपाई करत बसावे लागते. पण इथे तोच दोष साक्षीला उभा केला आहे. चिप स्वतःच्या ढळण्यावरून स्वतःचा ताप ओळखते. वेगळे काही आणून लावावे लागत नाही.

कूलंटचे तापमान मोजणारा सेन्सर निराळा. तो थर्मिस्टर. गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स उतरतो. संगणक आपल्या पेटीतल्या एका ठरावीक रेझिस्टरमधून त्याला पाच व्होल्ट देतो आणि मधल्या बिंदूवर किती व्होल्ट उरले ते वाचतो. सेन्सर गार असेल तर व्होल्टेज वर, तापला तर खाली. आता कपलर निघाला, किंवा वायर उंदराने तोडली, तर काय होईल? प्रवाहच वाहणार नाही, मधल्या बिंदूवर पूर्ण पाच व्होल्ट दिसतील, आणि संगणकाला वाटेल की समोर पराकोटीची थंडी आहे. स्कॅनर वाचेल : उणे ४०. उलट वायर घासून बॉडीला टेकली तर शून्य व्होल्ट, म्हणजे भट्टी.

उणे ४० हा आकडा कुठून आला तेही ऐकण्यासारखे आहे. स्कॅनरच्या भाषेत कूलंटचे तापमान एका बाइटमध्ये पाठवतात. एका बाइटमध्ये शून्य ते २५५ एवढेच आकडे मावतात, आणि उणे चिन्हाला जागा नाही. म्हणून वाचणाऱ्याने आलेल्या आकड्यातून ४० वजा करायचे असे ठरले. शून्य म्हणजे उणे ४०, २५५ म्हणजे २१५. सैबेरियातल्या पहाटेपासून फुटायला आलेल्या इंजिनापर्यंतचा सारा पल्ला या एका बाइटमध्ये बसला. मे महिन्यात चंद्रपूरच्या गॅरेजात स्कॅनरवर उणे ४० दिसले की मिस्त्री सरळ कपलरकडे हात नेतो. संगणकही तेच करतो. अशक्य टोक दिसताच तो ते तापमान म्हणून न वाचता तुटलेली वायर म्हणून वाचतो, बिघाड नोंदवतो, मनाशी एक सुरक्षित तापमान धरून इंधन सोडत राहतो, आणि बऱ्याच गाड्यांत रेडिएटर फॅन पूर्ण वेगाने लावून ठेवतो. ताप आहे की नाही हे कळत नसेल तर आहे असे समजून वागायचे. मला या वागण्यात समंजसपणा दिसतो.

मात्र इथवरचे सारे सोपे होते. टोकाला गेलेला सेन्सर कोणीही पकडेल. पोटात खोट असलेला, पण सभ्य आकडा सांगणारा सेन्सर कसा पकडायचा? समजा तो ६० अंशांवरच अडकून बसला. ६० हा अगदी शक्य आकडा आहे. वायर शाबूत, व्होल्टेज हद्दीत, तक्रारीला जागा नाही. आणि इंजिन उकळत असताना तो ६० च सांगत राहील.

यावरचा तोडगा हे या साऱ्या शास्त्रातले माझ्या मते सर्वांत सुंदर स्थळ. संगणक रात्र होण्याची वाट पाहतो. गाडी सहा-आठ तास बंद उभी राहिली की तिच्यातले सगळे काही हळूहळू हवेच्या तापमानाला येते : कूलंट, आत घेतली जाणारी हवा, बाहेरचा सेन्सर, आणि खुद्द ईसीएमची पेटी. ओसरीवर रात्रभर ठेवलेली तांब्या-पितळेची भांडी पहाटे सारखीच गार लागावीत तसे. सकाळी किल्ली फिरवली की इंजिन पेटण्याच्या आतच संगणक सगळ्यांना एकच प्रश्न विचारतो : किती? तिघे २४, २५, २४ म्हणाले आणि चौथा ६० म्हणाला, तर चौथा खोटा. यासाठी नवा सेन्सर लागला नाही, नवी वायर लागली नाही. फक्त योग्य क्षण निवडला. दिवसभर हे सेन्सर आपापल्या जागी वेगवेगळे आकडे सांगतात आणि त्यांची तुलना निरर्थक असते; रोज एक क्षण असा येतो की त्या सगळ्यांचे उत्तर एकच असायला हवे. तो क्षण ज्याने हेरला त्याची रसिकता मोठी.

आणि ज्याने ही परीक्षा लिहिली तो तिच्या पळवाटाही जाणून होता. कॅनडासारख्या थंड मुलखात रात्री इंजिनाला विजेचा ब्लॉक हीटर लावून ठेवतात. तिथे सकाळी कूलंट गरम आणि बाकी सारे गोठलेले असते. सेन्सर निर्दोष असून दोषी ठरेल. म्हणून संगणक निकाल राखून ठेवतो. गाडी थोडी चालू देतो. हीटरने फक्त इंजिनाजवळचे पाणी गरम केलेले असते, ते रेडिएटरच्या गार पाण्यात मिसळले की आकडा खाली येतो. आला, तर सेन्सर खरा होता. आपल्याकडे हीच अडचण उलट्या बाजूने येते. नागपूरच्या उन्हात उभ्या केलेल्या गाडीत आत येणाऱ्या हवेचा सेन्सर बॉनेटखाली तापून बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी वर गेलेला असतो. तिथेही तीच रीत : गाडी चालू दे, वारा लागू दे, मग पुन्हा विचार. आरोप ठेवण्याआधी साक्षीदाराला सावरायला अवधी देणारी यंत्रणा मला न्यायी वाटते.

पी-०१२८ ही ओळ याच वृत्तीची. तिचा आशय असा की कूलंट थर्मोस्टॅटच्या तापमानापर्यंत पोहोचलेच नाही. थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडायला हवा. तो उघडाच अडकला तर रेडिएटर पहिल्या मिनिटापासून इंजिन गार करत राहतो. चालकाला काही कळत नाही, उलट बरे वाटते. इंधन मात्र जास्त जाते आणि धूर वाढतो. संगणक हे कसे ओळखतो? किती हवा आत गेली, किती वेळ झाला, गाडीचा वेग किती, बाहेर किती गार, यावरून तो मनात एक दुसरे इंजिन चालवतो आणि ते आत्ता किती तापले असते ते मोजत राहतो. मनातले इंजिन तापले आणि खरे तापले नाही, तर काहीतरी चुकले. एकदा असे झाले तर तो गप्प राहतो, फक्त टिपून ठेवतो. पुढच्या फेरीत पुन्हा झाले तरच चेक लाइट लावतो. न तापणे हाही शीतकरणाचाच बिघाड आहे, हे या ओळीने फार नेमके ओळखले आहे.

ट्रक-बसच्या जे-१९३९ या भाषेबद्दल एक ओझरता उल्लेख. तिथे ११३६ हा आकडा ईसीएमचे तापमान दाखवतो आणि पुढची शेपटी प्रकार सांगते : १५ म्हणजे थोडे जास्त, १६ म्हणजे बरेच, शून्य म्हणजे धोक्याचे. दोन ही शेपटी आली तर आकडा भरकटतो आहे, त्यावर विसंबू नका. ताप आणि तापावरचा अविश्वास यांची फारकत तिथेही आहे, आणि तापाला तीन पायऱ्याही आहेत. मोटारींच्या भाषेत या पायऱ्या इतक्या स्वच्छ नाहीत.

आता उणीव. कूलंटचा सेन्सर कूलंटमध्ये बुडलेला असतो तोवरच शहाणा. पाइप फुटला, पाणी गेले, की तो वाफेत किंवा नुसत्या हवेत लोंबकळतो. हवा लोखंडाची उष्णता त्याच्यापर्यंत नीट पोहोचवत नाही. आकडा स्थिर राहतो, कधी उतरतोही, आणि खाली हेड वाकत असते. म्हणजे सर्वांत मोठ्या संकटात हा साक्षीदार सर्वांत शांत. फोर्डने काही इंजिनांत याला चांगले उत्तर दिले : सेन्सर पाण्यात न ठेवता सिलिंडर हेडच्या धातूत बसवला. पाणी असो नसो, धातू खोटे बोलत नाही. तापमान हद्दीबाहेर गेले की संगणक आळीपाळीने अर्ध्या सिलिंडरांचे इंधन तोडतो. ते सिलिंडर नुसती हवा ओढून टाकतात आणि त्या हवेने इंजिन गार होते. कॅडिलॅकच्या नॉर्थस्टार इंजिनातही नव्वदीच्या दशकात अशीच सोय होती. विजेवर चालणाऱ्या वॉटर पंपाची तऱ्हा आणखी सूक्ष्म. पाणी असलेला पंप ओझे ओढतो, प्रवाह जास्त घेतो. पाणी संपले की तो हलका होतो, प्रवाह घटतो आणि फेरे वाढतात. संगणक पाण्याची पातळी न पाहता पंपाच्या हलकेपणावरून पाणी गेल्याचे ओळखतो.

दुसरी उणीव मला अधिक खटकते. संगणकाला इतके बारीक कळत असून तो चालकाला फार थोडे सांगतो. अनेक गाड्यांत टेम्परेचरचा काटा मुद्दाम मध्यावर रोखलेला असतो; खरे तापमान बऱ्याच अंशांनी वर-खाली झाले तरी तो जागचा हलत नाही, आणि हलतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते. काही गाड्यांत तर काटाच नाही, निळा आणि लाल दिवा एवढेच. चालक उगाच घाबरू नये हा त्यामागचा विचार मला मान्य नाही. घाट चढताना काटा हळूहळू सरकताना पाहून गाडी बाजूला घेणारा माणूस हा त्या यंत्रणेचाच भाग होता; त्याला वगळले गेले.

मे २०२२ मध्ये अमेरिकेत टेस्लाने सुमारे १ लाख ३० हजार गाड्यांसाठी रिकॉल काढला, तो या संदर्भात वाचण्याजोगा आहे. वेगवान चार्जिंग करताना किंवा त्याची तयारी चालू असताना मधल्या पडद्यामागचा संगणक पुरेसा गार होत नव्हता. त्यामुळे तो मंदावे किंवा बंद पडून पुन्हा सुरू होई. पडदा अडखळला किंवा काळा झाला की मागचा कॅमेरा, गिअरची निवड आणि काचेवरचे धुके घालवण्याची सोय हीही त्याच्याबरोबर अडत. संकटाचे मूळ गाडी धावण्यात नव्हते, बॅटरी भरण्यात किंवा त्याच्या तयारीत होते. उपाय सॉफ्टवेअरने झाला. संगणकाचे तापमान सांभाळण्याची रीत बदलून ती दूरवरून गाड्यांत पाठवली. उपाय देखणा आहे, लक्षण मात्र नाही. तापलेली चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते हे योग्यच, पण समोरच्या माणसाला त्यातून फक्त अडखळणारा पडदा दिसतो. पी-०६३४ निदान तोंडाने सांगतो. मंदावलेला पडदा काहीच सांगत नाही, आणि गाडीचा जवळजवळ सारा कारभार एका पडद्यावर नेणाऱ्यांनी तापाची भाषा आधी ठरवायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर ही सगळी देखरेख अधिक कडक झाली. नव्या मॉडेलला मंजुरी देण्यापूर्वीच्या चाचण्यांत मुद्दाम बिघाड घडवून दिवा लागतो का ते पाहिले जाते. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरची एआरएआय ही अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी एक. इतक्या कष्टाने घडवलेली ही भाषा शेवटी गॅरेजच्या दारात मात्र वाया जाते. चेक लाइट लागला की बॅटरीची टर्मिनल काढायची किंवा स्कॅनरने कोड पुसायचा, दिवा विझतो, काम झाले. कोडबरोबर संगणकाने एक क्षणचित्र जपून ठेवलेले असते, फ्रीझ फ्रेम : बिघाड झाला तेव्हा वेग किती, फेरे किती, इंजिनावर भार किती, कूलंट किती अंशांवर. कोड पुसला की तेही जाते.

तेव्हा पुढच्या वेळी दिवा लागला तर मिस्त्रीला म्हणा : दादा, पुसण्याआधी कोड आणि फ्रीझ फ्रेम दोन्ही कागदावर लिहून द्या.